‘रिव्हॉल्व्हर’ : चार इंग्रज गवय्यांची एक तबकडी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांस थोडे नवल वाटेल. यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या कापसाच्या गावी ज्याची सारी हयात मुलांना व्याकरण व अंकगणित शिकविण्यात गेली, आणि संध्याकाळी भजनी मंडळात तबला धरण्यापलीकडे ज्याचा संगीताशी संबंध आला नाही, अशा मास्तराने विलायतेतील ‘रॉक’ नावाच्या गाण्यावर बोलावे हा काय प्रकार आहे, असा प्रश्न सहजच उद्भवेल. त्याचे उत्तर एका कबुलीत आहे, आणि ती कबुली आधीच देऊन टाकलेली बरी.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याने गिटार वाजवून इंग्रजी गाणे म्हणण्याची परवानगी मागितली होती. कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. ‘हा गोंगाट आहे, संगीत नव्हे,’ असे म्हणून मी त्याचे नाव खोडले. गाणे न ऐकताच खोडले, हे विशेष. तो विद्यार्थी हल्ली पुण्यास असतो. मागील दिवाळीत तो भेटीस आला तेव्हा त्याने आपल्या मोबाइलवर काही लावले व एक अक्षर न बोलता यंत्र माझ्या हाती दिले. प्रथम सतारीच्या तारांवरून एक झंकार उतरला. मग तालावाचून विखुरलेले काही स्वर आले. आणि मग तबला सुरू झाला. मी म्हणालो, “हात गोड आहे. कोण वाजवितात?”

“अनिल भागवत,” तो म्हणाला. “पण गुरुजी, गाणे त्याच लोकांचे आहे, ज्यांचे गाणे तुम्ही खोडले होते.”

ते लोक म्हणजे ‘बीटल्स’, आणि ती तबकडी म्हणजे ५ ऑगस्ट १९६६ रोजी इंग्लंडात प्रसिद्ध झालेली ‘रिव्हॉल्व्हर’. त्या दिवसापासून मी ती पुष्कळदा ऐकली, तिच्याविषयी मिळेल ते वाचले, आणि एखादे गायक-वादकांचे मंडळ वाढते म्हणजे नेमके काय होते, हे मला तिच्यावरून जितके उमगले तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच उमगले असेल.

लिव्हरपूल या बंदराच्या शहरातील हे चार तरुण : जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. तीन गिटारी, त्यांतील एक खर्जाची, आणि ढोलताशांसारखा एक साज, एवढीच त्यांची सामग्री. त्यांच्या पहिल्या मोठ्या तबकडीवर चौदा गाणी होती. त्यांपैकी दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात मुद्रित झाली. सकाळी यावे, रंगमंचावर जे रोज गातो तेच गावे, रात्री घरी जावे, असा तो मामला. गाणी बहुतेक तरुण-तरुणींच्या प्रेमाची, दोन-अडीच मिनिटांची, चटकन ओठांवर बसणारी. त्यांना लोकप्रियता अशी लाभली की पुढे पुढे सभागृहांत मुलींच्या किंकाळ्यांपुढे गाणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा झाला. ज्या गवय्याला आपला स्वर ऐकू येत नाही त्याची प्रगती होणार कशी? हा प्रश्न त्यांनाही पडला असला पाहिजे. १९६६ च्या आरंभी त्यांना सुमारे तीन महिन्यांची सवड मिळाली, आणि ६ एप्रिलपासून २१ जूनपर्यंत त्यांनी लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय कंपनीच्या ध्वनिमुद्रणालयात ठाण मांडले. पूर्वी एका दिवसात होणाऱ्या कामाला आता अडीच महिने लागले.

येथे आपल्याकडील एक उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होईल. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील साकी, दिंडी, कामदा अशा चालींची पदे लोकांच्या कानांत आधीच घोळत होती. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले, तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीतील बंदिशी नाट्यपदांच्या अंगी बसविल्या. नाटक तेच, प्रेक्षक तेच, परंतु पदाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. या पालटास चौतीस वर्षे लागली. बीटल्सनी अशाच तऱ्हेचे अंतर तीन-साडेतीन वर्षांत कापले. तुलना शंभर टक्के जुळत नाही हे मी जाणतो. पण पद गळ्यावर चढण्यासाठी असते की कानाला नवा प्रदेश दाखविण्यासाठी, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे.

आता तबकडीकडे वळू. चमत्कार असा की जे गाणे तबकडीच्या अगदी शेवटी आहे, ते सर्वांत आधी मुद्रित झाले. त्याचे नाव ‘टुमॉरो नेव्हर नोज’. लेननने तिबेटी मृत्युग्रंथावर आधारलेले एक आधुनिक पुस्तक वाचले व त्यातून हे पद रचले. (त्या पुस्तकाचा आणि त्या काळच्या एका मादक द्रव्याचा संबंध होता. या चौघांनी ते सेवन केले होते, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्यात मला भूषण वाटत नाही. पण झाकून ठेवण्याचेही कारण नाही.) पाश्चात्य गाण्यात स्वरमेळ सतत बदलत असतात, एका मेळावरून दुसऱ्यावर जाणे हाच त्यांच्या चालीचा प्राण. या गाण्यात मात्र जवळजवळ आरंभापासून अखेरपर्यंत एकच षड्ज धरलेला आहे. खाली तंबोरा झंकारतो, वर ढोलाचा एकच ठेका अखंड फिरत राहतो. आमच्या विदर्भात रात्रभर एकतारीवर भजन ऐकलेल्या माणसाला यात काय विशेष, असे वाटेल. परंतु ज्याच्या संगीताची इमारतच मेळांच्या बदलावर उभी आहे, त्याने तो बदल सोडून देणे म्हणजे पोहणाऱ्याने काठ सोडण्यासारखे होते.

त्या गाण्यात पक्ष्यांच्या कलकलाटासारखे जे विलक्षण आवाज येतात, त्यांची कृती सांगण्याजोगी आहे. त्या वेळी आवाज चुंबकीय फितीवर मुद्रित होत असे. मॅकार्टनीने घरी फितीचे तुकडे घेऊन त्यांची टोके जोडली आणि कडी केली. अशी कडी यंत्रावर चढविली की तोच आवाज रहाटाप्रमाणे पुन्हा पुन्हा फिरतो. त्यांतील पाच कड्या निवडून निरनिराळ्या यंत्रांवर एकाच वेळी सोडण्यात आल्या. फिती ताणून राहाव्यात म्हणून तंत्रज्ञ त्यांत पेन्सिली घालून उभे होते. मुद्रणाच्या मेजावरून एकेक आवाज कमीजास्त करून जे मिश्रण त्या क्षणी साधले तेच कायम झाले. पुन्हा तसे हुबेहूब करणे शक्यच नव्हते. लेननला आपला आवाज पर्वतशिखरावरून एखाद्या लामाने मंत्र म्हणावा तसा हवा होता. त्याकरिता विजेच्या ऑर्गनला जोडलेला फिरता ध्वनिक्षेपक वापरून त्याचा आवाज त्यातून काढला. ही युक्ती करणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघा वीस वर्षांचा होता. वरिष्ठ सूत्रधार जॉर्ज मार्टिन हे मात्र शास्त्रोक्त संगीत शिकलेले, पोक्त गृहस्थ. मुलांच्या वेडाला त्यांनी शास्त्राचे हात दिले. मास्तरांच्या जातीचा मी, म्हणून मला या मार्टिन साहेबांचे फार कौतुक वाटते. विद्यार्थ्याने अवघड प्रश्न विचारला म्हणजे आम्ही बहुधा त्याला खाली बसवितो. ते उठून उत्तर शोधावयास लागत.

‘एलिनॉर रिग्बी’ हे दुसरे गाणे पाहा. एकाकी स्त्री, एकाकी पाद्री, आणि कोणीही न आलेली एक प्रेतयात्रा, असा त्याचा विषय. तरुणांच्या नाचगाण्याच्या तबकडीवर हा विषय येणे हेच आश्चर्य. त्याच्या साथीला चौघांपैकी एकाचेही वाद्य नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला व दोन चेलो, अशी आठ तंतुवाद्ये आहेत आणि त्यांची स्वररचना मार्टिन यांची आहे. एमरिकने ध्वनिग्राहक वाद्यांच्या इतके जवळ नेले की प्रतिष्ठित वादक संकोचून खुर्च्या मागे सरकवीत, असे तो सांगत असे. परंतु त्यामुळेच गज तारेवर घासल्याचा जो करकरीत स्पर्श ऐकू येतो, तो त्या कोरड्या दुःखाला अगदी शोभतो. गोड वाद्ये गोड न वाजविण्याचे धैर्य फार थोड्यांना असते.

इतर गाण्यांविषयी थोडक्यात सांगतो. ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’ या गाण्यात गिटारचे स्वर उलटे येतात : म्हणजे सूर आधी जन्मतो, फुगतो, आणि मग एकदम तुटतो. हॅरिसनने आधी स्वर ठरविले, वाजविले आणि फीत उलट फिरविली. या काही क्षणांच्या कामासाठी कित्येक तास खर्ची पडले. ‘यलो सबमरीन’ हे मुलांसाठीचे गाणे रिंगोने म्हटले आहे. माझ्या नातवंडांना सबंध तबकडीत तेच काय ते आवडते, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. ‘टॅक्समन’मध्ये हॅरिसनने श्रीमंतांवरील कराचे गाऱ्हाणे मांडले आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मनुष्यास त्याच्या दुःखाची कणव येणे कठीण; चाल मात्र झणझणीत आहे. दोन-तीन गाणी मला सामान्य वाटली.

आता तबल्याचे गाणे. त्याचे नाव ‘लव्ह यू टू’, हॅरिसनची रचना, पहिल्या बाजूवरील चौथे. याच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

हॅरिसनने सतार प्रथम पाहिली ती १९६५ साली, एका चित्रपटातील उपाहारगृहाच्या देखाव्यात. पुढे त्याने लंडनमधील एका दुकानातून साधीशी सतार विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या तबकडीवरील ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात ती वाजविली. ते गाणे लोकांनी डोक्यावर घेतले. पण खरे सांगावयाचे तर तेथे सतार म्हणजे पाहुणी होती. गाणे गिटारचे, चाल गिटारची, सतारीने ती चाल नुसती आपल्या गळ्यातून म्हणून दाखविली. पंगतीत केळीचे पान मांडून त्यावर पाव वाढावा, तसे ते मला वाटते. त्या मुद्रणाच्या वेळी सतारीची एक तार तुटली. नवी तार कोठे मिळेल याची चौकशी करता करता लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेचा पत्ता लागला. आयना अंगडी हे कर्नाटकातील गृहस्थ व त्यांची इंग्रज पत्नी यांनी ती चालविली होती. सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन हे तिचे अध्यक्ष. तार तुटली नसती तर पुढील गोष्ट घडली असती की नाही, कोण जाणे.

११ एप्रिल १९६६ रोजी याच संस्थेमार्फत लंडनमधील एक तरुण तबलजी ॲबी रोडवर आला. तोच अनिल भागवत. नाव वाचताच मराठी कानाला ओळख पटावी असे आहे. कोणाकडे वाजवावयाचे आहे हे त्याला न्यावयास मोटार येईपर्यंत त्याला ठाऊकही नव्हते. हॅरिसनने त्याच्याबरोबर बसून तबला सुरात लावला, सोळा मात्रांचा ठेका रविशंकरांच्या ढंगाने हवा असे सांगितले, आणि आत काय भरावयाचे ते त्याच्या उपजेवर सोडले. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. ज्या माणसाला आपल्या गाण्यासाठी केवळ परदेशी शृंगार हवा असतो, तो तबल्याला ठराविक बोल नेमून देतो. ज्याला तबला हवा असतो, तो तबलजीला मोकळे सोडतो.

रचना ऐकावी. आरंभी ताल नाही; सतार चार स्वर फिरून वातावरण सांगते. आलापाचे ते लहानसे बीज आहे, अर्ध्या मिनिटात पेरलेले. मग तबला येतो आणि लय ठरते. स्वर काफी थाटाच्या आसपास फिरतात. मेळांची धावाधाव येथे नाही. मध्ये सतार-तबल्याचा संवाद येतो, आणि अखेरीस लय एकाएकी द्रुत होते, जशी गतीच्या शेवटी व्हावी. तीन मिनिटांत आलाप, मध्यलय आणि द्रुत! आपल्याकडेही जुन्या ध्वनिमुद्रिकांवर उस्तादांना सबंध राग तीन मिनिटांत बसवावा लागे, याची आठवण होते. तेव्हा हॅरिसनला संक्षेपाचा दोष देणे आपणांस शोभणार नाही.

दोष निराळे आहेत, आणि ते सांगितल्यावाचून माझे बोलणे खरे होणार नाही. गळ्यात मींड नाही. शब्दांच्या शेवटी ती आणण्याचा यत्न तेवढा आहे. शब्दांत विशीतल्या तरुणाचा कडवटपणा आहे. आणि सर्वांत जिवाला लागणारी गोष्ट अशी की द्रुत लय रंगात येते न येते तोच गाणे हळूहळू विरून जाते. समेवर येणे नाही, तिहाई नाही. पहिल्यांदा ऐकताना माझा हात मांडीवर पडावयाचा तो तसाच हवेत राहिला. माझा विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, तबकडीवर गाणे असेच संपवितात.” असेल, पण भागवतांना ते रुचले असेल असे मला वाटत नाही.

तथापि ‘नॉर्वेजियन वुड’ आणि हे गाणे यांत अवघ्या सहा महिन्यांचे अंतर आहे, हे ध्यानात घ्यावे. तेथे वाद्य बदलले होते. येथे विचार बदलला आहे. २०२२ साली या तबकडीची नवी, विस्तृत आवृत्ती निघाली. तिच्यात या गाण्याचा पहिला प्रयत्न ऐकावयास मिळतो : साधी गिटार आणि गळा, बाकी काही नाही. तो ऐकून मग मूळ गाणे ऐकले की काय काय टाकून दिले आणि काय स्वीकारले याचा हिशेब समोर मांडल्यासारखा दिसतो. मुलांना दुरुस्त केलेल्या निबंधाबरोबर पहिला कच्चा मसुदाही दाखवावा, असे मी शाळेत नेहमी म्हणत असे. त्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

आणखी एक गोष्ट. तबकडीच्या वेष्टनावर ‘अनिल भागवत, तबला’ असे नाव छापले आहे. आज हे क्षुल्लक वाटेल. परंतु त्या काळी साथीदारांची नावे वेष्टनावर सहसा येत नसत. आपल्या चित्रपटांच्या तबकड्यांवर तरी किती वादकांची नावे आली? ज्यांच्या व्हायोलिनने, मेंडोलिनने, ढोलकीने आपले बालपण भरून गेले, त्यांची नावे आपणांपैकी किती जणांस सांगता येतील? पुढच्याच वर्षी हॅरिसनने ‘विदिन यू विदाउट यू’ हे मुख्यतः हिंदी वाद्यांचे गाणे केले, तेव्हा मात्र दिलरुबा व तंबोरा वाजविणाऱ्या लंडनमधील भारतीयांना वेष्टनावर नावानिशी स्थान मिळाले नाही. म्हणजे या बाबतीत पाऊल पुढे पडून मागे आले.

‘रिव्हॉल्व्हर’ निघाल्यावर त्याच महिन्यात चौघे अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. या नव्या तबकडीतील एकही गाणे त्यांनी तेथे म्हटले नाही. रंगमंचावर ती म्हणता येण्याजोगीच नव्हती. २९ ऑगस्टला सान फ्रान्सिस्को येथे त्यांचा शेवटचा दौऱ्याचा जलसा झाला, आणि सप्टेंबरात हॅरिसन मुंबईस येऊन दाखल झाला. ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला होता, पण बातमी फुटलीच आणि खाली गर्दी लोटली. पंडित रविशंकर त्याला शिकवीत होते. मुंबईत निवांतपणा मिळेना म्हणून मंडळी काश्मिरास गेली. बसावे कसे, सतार धरावी कशी, येथपासून आरंभ झाला. जगभर ज्याच्या तबकड्या लाखांनी खपत होत्या, त्याने तेविसाव्या वर्षी पुन्हा सा रे ग म गिरवावे, यातील नम्रता मला त्याच्या गाण्यांइतकीच मोलाची वाटते.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईस आला आणि फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एचएमव्हीच्या मुद्रणालयात पाच-सहा दिवस काम केले. तेथे एकमार्गी यंत्र तेवढे होते. म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन मार्गांचे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. शिवकुमार शर्मा, आशिष खाँ, महापुरुष मिश्र यांच्याबरोबर चंद्रशेखर नारिंग्रेकर व केंकरे अशी आपल्याकडील मंडळीही त्या कामात होती. एका चित्रपटाचे संगीत करून झाल्यावर उरलेल्या वेळात एक गाणे बसविले, ‘दि इनर लाइट’. त्याचा अर्थ चिनी तत्त्वज्ञ लाओत्से याच्या ग्रंथातील, तो सुचविणारे गृहस्थ केंब्रिजचे संस्कृताध्यापक हुआन मास्कारो, वादन मुंबईचे, आणि गळा मागाहून लंडनमध्ये चढविलेला. बासरीची जी हाक त्यात आहे ती ऐकताना कोठेही पाहुणेपणा जाणवत नाही.

समीक्षकांनी ‘रिव्हॉल्व्हर’ला पहिल्या दिवसापासून मान दिला खरा, परंतु बराच काळ १९६७ ची ‘सार्जंट पेपर’ तिच्यावर छाया टाकून होती. पुढे मत फिरत गेले. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ पाचशे तबकड्यांची यादी केली तेव्हा हिला तिसरे स्थान दिले. २०२० च्या यादीत ती अकरावी होती, पण तेव्हा ‘सार्जंट पेपर’ तिच्याही पुष्कळ खाली गेली होती. अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. चाळीस वर्षे मुलांचे निकाल लावल्यामुळे क्रमांक कसे लागतात हे मला चांगले ठाऊक आहे.

हॅरिसनने १९६८ च्या मध्यास सतार बाजूला ठेवली. ज्यांनी बाळपणापासून रोज दहा-दहा तास रियाज केला त्यांच्या पंक्तीस आपण बसू शकणार नाही, हे त्याला कळून चुकले व तो गिटारकडे परतला. पण त्यानंतर तो गिटारच्या तारेवर नळी घासून वाजवू लागला. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारे ते स्वर ऐकून मी माझ्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला आणि म्हणालो, “अरे, मींड हरवली नव्हती, हातात उतरली होती.” तो हसला. त्याची गिटार अजून त्याच्याजवळ आहे. येत्या दिवाळीस ती घेऊन ये असे मी त्याला सांगितले आहे. तबला मी लावून ठेवीन.